ठमीच्या वाट्याची भाकरी

राजूर

प्रिय मच्छिंद्र,

वेल्डिंगवाल्या भागवतच्या हातून पाकीट आलं आणि वर माझं अक्षर दिसलं म्हणून न वाचताच फाडू नको. बांधाचं, विहिरीचं, पाण्याच्या पाळीचं यात काहीएक लिहिलेलं नाही. मला एक साधी गोष्ट विचारायची आहे, आणि आपल्या अख्ख्या भावकीत तिचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाला येत असेल असं मला वाटत नाही. कुत्र्याला मांजराचं खाणं खाण्यापासून थांबवायचं कसं? हसायचं तर हसून घे. पण हसून झाल्यावर विचार कर, कारण माझी अक्कल संपली. मारका गोऱ्हा तू नुसता कानाशी बोलून वेसणीला आणला होतास आणि मी काठी घेऊन मागं लपलो होतो, ते मी विसरलेलो नाही. जनावराचं मन तुला कळतं. मला अक्षरसुद्धा बियाण्याच्या पिशव्या आणि दुकानांच्या पाट्या वाचूनच आलं, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नको, मतलबाकडे बघ.

ठमी आठवते ना? भोकरदनच्या आडत दुकानातून तूच तिला सदऱ्याच्या आत घालून आणली होतीस, आणि एसटीत तिनं तुझं पोट ओरबाडून काढलं होतं. ती आता म्हातारी झाली. एका मोटरसायकलवाल्यानं तिचा पुढचा पाय चाकाखाली घेतला, तेव्हापासून तिला उडी मारता येत नाही, म्हणून तिची ताटली उंचावर ठेवायची सोय उरली नाही. दगडू कुत्रा तुला माहीत नाही. तू भोकरदनला राहायला गेलास त्यानंतरचा तो. अंगारकीच्या गर्दीत कोणाच्या तरी मागं मागं राजूरला आला, ते लोक गणपतीचं दर्शन घेऊन गाडीत बसून गेले आणि हा आपल्या अंगणात बसून राहिला. एवढा मोठा जबडा, पण मनानं निव्वळ पोरगं आहे. तुझी वहिनी चालती-फिरती होती तोवर सगळं बराबर चाललं होतं. ठमीच्या ताटलीत दुधात भाकरी कुस्करायची, आपण शेजारी बसायचं, आणि दगडू जवळ आला की नुसतं 'हूं' म्हणायचं. तेवढ्यावर तो पुढचे पाय पसरून आडवा व्हायचा. ठमीचं पोट भरल्यावर जे उरेल ते त्याचं. त्या 'हूं'ला तो जितका मानायचा तितका माझ्या काठीलाही मानत नाही.

आता तो 'हूं' राहिला नाही. तुझ्या वहिनीचं तुला कळलंच आहे. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली, ती स्वतःहून उठली नाही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जालन्याला दवाखान्यात होती तेव्हा तू गेटपर्यंत आल्ता, रसवंतीपाशी उभा राहिलास आणि तसाच माघारी गेलास, हे भागवतनं मला सांगितलं. मी त्याबद्दल बोलत नाही. आलास, तेवढं माझ्याजवळ आहे. आता तिला घरी आणलंय. आत फार उकडतं म्हणून ओसरीवर बाज टाकली आहे. बोलता येत नाही पण तिला सगळं कळतं, डोळे पहिल्यासारखेच आहेत. फोन लावायचं म्हणूनच टाळलं. ओसरीवर बोललेलं सगळं तिच्या कानावर जातं, आणि गल्लीत जाऊन बोलावं तर गल्ली ऐकते. शिवाय तू उचलला नसतास.

मांजराच्या खाण्याचा एवढा गाजावाजा का, असं तुला वाटत असेल. मलाही आधी नवल वाटलं होतं. घरी आणली तेव्हा मी तिच्यापुढं मऊ भात घेऊन बसलो, वरणाचं पाणी घेऊन बसलो, मुगाचं कढण केलं. लग्नापासून आजवर मी चुलीपुढं बसलो नव्हतो, आता गॅस पेटवायला शिकलो. पण ती तोंडच उघडेना. डॉक्टर म्हणाले, गिळायला काही अडचण नाही, खायचं मनात पाहिजे. एक दिवस मी चमचा धरून बसलो असताना ठमी लंगडत आली, माझ्या हातातून सांडलेला दूधभात चाटायला लागली, आणि तुझ्या वहिनीनं आपण होऊन ओठ उघडले. मी चमचा आत घातला, तिनं गिळला. ठमी चाटत राहिली तोवर अर्धी वाटी संपली. तेव्हा मला गुपित सापडल्यासारखं झालं. आपल्या घरी ती कायम सगळ्यांच्या मागून जेवली. बैलांचं झालं, गड्यांचं झालं, आपलं झालं, मग तिचं ताट. मी म्हटलं, ही तीच सवय असणार. ठमीला पहिल्यांदा तिच्या नजरेसमोर जेवू घालायचं, म्हणजे ही खाईल. सोपं आहे.

पण सोपं कुठलं! ताटली बाजेपासून लांब ठेवली तर तिला दिसत नाही. दिसेल अशी खाली ठेवली की दगडू येतो, दोन लपक्यात ताटली चकचकीत करतो, आणि ठमी गोठ्याकडे पळते. ते बघून तुझी वहिनी डोळे मिटते, आणि त्या दिवसाचा घास गेलाच. दगडूचं पोट आधी भरून पाहिलं. तीच भाकरी, तेच दूध, त्याच्या ताटात दुप्पट. खातो आणि वर ठमीचंही खातो. बांधून पाहिला तर असा रडतो की हिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागतं. त्याच्यावरही तिचा जीव आहे ना. मग कोंबड्यांचं डालगं आणलं, आत ताटली, आत ठमी, वर डालगं. दगडूनं नाकानं ढकलत ढकलत डालगं ठमीसकट तुळशीपर्यंत नेलं. पलीकडची चांगुणाबाई भिंतीवरून बघत होती. म्हणाली, "दादा, आता गणपतीच्या मिरवणुकीत ह्येच काढा." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

मग भागवतनं त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात सळयांचा एक पिंजरा करून दिला. मांजर शिरेल, कुत्रं शिरणार नाही, असं माप घेऊन. खर्चा घेतला नाही. पहिल्या दिवशी दगडूनं पंजा आत घालून ताटली बाहेर ओढली. भागवतनं ताटली खाली डागून दिली. मग दगडू पिंजऱ्याला नाक लावून बसून राहिला, आणि त्याचं ते नाक बघून ठमी आतच जाईना. मी काठी घेऊन बसलो, तर काठीला भिऊन ठमी पळाली आणि दगडू शेपूट हलवत माझ्याकडे बघत राहिला. मच्छिंद्र, मी त्या मुक्या जनावराला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, एवढं एक ताट सोड. पाहिजे तर माझं खा. मोठ्या भावाला असं कुत्र्यापुढं हात जोडताना तू पाहिलं असतंस तर तुला काय वाटलं असतं कोण जाणे.

तिचा हात आता मनगटापाशी एवढासा झाला आहे. काकणं कोपरापर्यंत वर सरकतात. तीन दिवसांमागं डॉक्टर येऊन गेले. सोमवारपर्यंत बघू म्हणाले, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. मी त्यांना म्हटलं, साहेब, गिळता येतं ना हिला? ते म्हणाले, येतं, पण ती गिळत नाही, त्याला मी काय करू. अख्खं घर जिनं हातानं वाढून मोठं केलं तिच्या नाकात नळी. मी गोठ्यात जाऊन बसलो. ज्या बाईनं कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, ती आता काय मागते आहे तेच मला कळत नव्हतं.

चांगुणाबाई संध्याकाळी भाकरी घेऊन आली होती, तिनं मला तिथं बघितलं. मी तिला म्हटलं, ठमीला खाऊ घालायचा एक उपाय सांग, मी जन्मभर तुझं नाव घेईन. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, "दादा, तुम्ही आजपस्तोर ठमीलाच जेवू घालून राह्यले व्हय? ती भाकर मच्छिंद्रभाऊची हाय." मला काही उमजेना. मग तिनं उलगडून सांगितलं. "भाऊ ताटावरून उठून गेल्ते ना, त्या दिसापासून बाय तव्यावरची पहिली भाकर त्यांच्या नावानं काढून ठेवती. माणूस येत न्हाई, मंग ती टाकावी कुठं? फेकता तर येत न्हाई. भाऊनं आणलेलं मांजर हाय, त्याच्या तोंडात गेली म्हंजे भाऊला पोचली. ती खाल्ल्याबिगर बाय आपलं ताट वाढून घेत न्हाई. आम्हाला समद्या बायांना ठावं हाय. तुम्हाला न्हाई?"

मला नाही. आपण पुरुष जेवून हात धुतो आणि उठतो, मागं चुलीपाशी काय होतं ते आपल्याला कुठून कळणार. मांजराला आख्खी ताजी भाकरी कशाला लागते, असं मी एक-दोनदा म्हणालोही होतो. ती हसून दुसरं काहीतरी बोलायची. सासू तिनं बघितलीच नाही. आली तेव्हा तू तिच्या पदराला धरून चालायचास, आणि तिच्या हातानंच जेवायचास, दुसऱ्या कोणाच्या नाही. त्या दिवशी आपल्यात शब्दाला शब्द लागला, त्यात कोणाचं बराबर आणि कोणाचं नाही ते मी आजही काढत नाही. पण तू भरल्या ताटावरून उठलास, आणि ते ताट तिनं वाढलेलं होतं. मला वाटत होतं, भांडण आपल्या दोघांचं आहे. ती मात्र त्या ताटापाशीच बसून राहिली, मुकाट्यानं, रोज.

हे कळल्यावर मी रात्रीच तव्यावर एक भाकरी टाकली. वेडीवाकडी झाली, करपली. तिच्यासमोर बसून म्हटलं, ही मच्छिंद्रची, मी खातो त्याच्या नावानं, मग तू खा. आणि खाल्ली, खरंच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. राग नव्हता त्यात. तुझी भाकरी माझ्या पोटात गेली तर ती तुला पोचत नाही, एवढंच.

आता तुला खरं सांगतो. ठमी परवापासून दिसत नाही. भागवत शाळेपर्यंत बघून आला, चांगुणाबाईनं गल्ल्या पालथ्या घातल्या, मी विहिरीतसुद्धा डोकावलो. दगडूला कंटाळून गेली की दुसरं काही झालं, देव जाणे. तेव्हा वर जे विचारलं त्याचं उत्तर तू दिलंस तरी आता उपयोग नाही. तुझा घास तुझ्या नावानं खाणारं या घरात कोणी उरलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. मच्छिंद्र, सोमवारच्या आत ये. भोकरदनहून सकाळची गाडी धरलीस तर चहाच्या वेळेला इथं पोचतोस. विहीर तुझ्या नावावर करायची असली तर करू, नसली तर तीही गोष्ट काढायची नाही. माझं तोंड बघायचं नसलं तर सांग, मी देवळाकडे जाऊन बसतो, तू निघून जाईपर्यंत येणार नाही. भाकरी चांगुणाबाई टाकेल, माझी नाही. तू फक्त बाजेशेजारी खाली बस, तिला दिसेल असा. बोलायचं नसलं तर बोलू नको. नुसतं जेव.

तुझाच दादा,
रामकिसन