एनालाप्रिलची एक ओळ

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. मोठी कामं करणाऱ्या माणसांनी नोंदी ठेवाव्यात. माझं काम असं: आमच्या कामागुएय शहरातल्या सगळ्या औषधांच्या दुकानांचा साठा आमच्या कचेरीच्या डेटाबेसमध्ये असतो, आणि तो एपीआयमधून लोकांपर्यंत पोचवायचाय. फोनवर औषधाचं नाव टाकलं की एपीआय डेटाबेसला विचारणार आणि कुठल्या दुकानात किती पाकिटं ते लगेच सांगणार. शहरातल्या रांगा संपल्या म्हणून समजा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एनालाप्रिल, संपत आल्यात. पहिला प्रश्न त्यांचाच विचारणार. शुक्रवारपर्यंत गोळ्या घरात. सिगारेटही आजपासून बंद.

मंगळवार, ५ मार्च
एपीआय पहिल्या फटक्यात चालली! उत्तरात रिकामा कंस आला. उघडला, मिटला, आत काही नाही. किरकोळ चूक असणार. एकच सिगारेट, आनंदाची.

बुधवार, ६ मार्च
क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, नव्याने लिहिली. रिकामा कंस. अर्धा दिवस वीज नव्हती, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.
आईला एपीआय समजावून सांगितली. म्हणाली, म्हणजे आपली कुका की रे. समोरच्या बाल्कनीतली कुका रोज ओरडून सांगते, कुठ्ठे काही आलेलं नाही, आणि तिला कुणी पगारपण देत नाही. आईला तंत्रज्ञान कळत नाही. आई सध्या अर्धीच गोळी घेते. तिच्या मते ही बचत.

शुक्रवार, ८ मार्च. महिला दिन.
कचेरीत सगळ्या बायकांना एकेक फूल. मी आईसाठी एक लांबवलं. गोळ्या पुढच्या आठवड्यात.
येताना मिग्दालियाच्या औषधाच्या दुकानात डोकावलो. तिला म्हटलं, तुमच्याकडून साठा नीट भरला जात नाही. ती म्हणाली, अरे राजा, जानेवारीपासून गाडीतून एक गोळी उतरली नाही, मग भरू काय, माझं कपाळ? तुला शून्य सापडलंय लेओ, आता जेव आणि झोप. बाई मनाने चांगली आहे, पण काउंटरमागून सगळी व्यवस्था दिसत नाही.

सोमवार, ११ मार्च
आमच्या संचालिका ओडालिसबाईंनी बोलावलं. गुरुवारी राजधानीतून पाहुणे येतायत, प्रात्यक्षिक दाखवायचं. म्हणाल्या, लेओविहिल्दो, पडद्यावर आकडा दिसला पाहिजे, रिकामं काही दाखवलंस तर तुझी बदली उसाच्या मळ्यावर. बाईंचा स्वभाव विनोदी आहे. संध्याकाळी तीन सिगारेटी, उद्याच्या धरून.

मंगळवार, १२ मार्च
डोकं चाललं! डेटाबेसमध्ये मी स्वतःच एक ओळ टाकली. एनालाप्रिल, दुकान मिग्दालियाचं, पाकिटं दोनशे. एपीआयला विचारलं. दोनशे! म्हणजे एपीआय पहिल्यापासून निर्दोष होती. माझे डोळे भरून आले. प्रात्यक्षिक झालं की ओळ पुसायची. तत्त्व म्हणजे तत्त्व.

गुरुवार, १४ मार्च
टाळ्या. एका पाहुण्याने मिठी मारली. ओडालिसबाईंनी उत्साहाच्या भरात तिथेच एपीआय सगळ्या शहराला खुली केली. ओळ पुसायला बसलो आणि वीज गेली.

शुक्रवार, १५ मार्च
वीज आली. बाईंना सांगितलं, ती ओळ खोटी आहे, पुसतो. म्हणाल्या, वेड लागलंय का तुला? दोनशे पाकिटं मी वर कळवून बसलेय. आता ती गायब झाली तर ती चोरी, आणि डेटाबेसला हात लावणारा अख्ख्या कचेरीत तू एकटा. प्रशासकीयदृष्ट्या बाईंचं बरोबर आहे. राहू दे ओळ. कोण बघतंय?

शनिवार, १६ मार्च
सगळे बघतायत. मिग्दालियाच्या दुकानापासून चर्चपर्यंत रांग. ती दारात उभी राहून सांगतेय, नाहीये हो, आईशप्पथ नाहीये. लोक म्हणतायत, फोन खोटं बोलेल का? काढ लपवलेलं. एकाने तिला काळाबाजारवाली म्हटलं तेव्हा ती रडायला लागली. मी पलीकडच्या फुटपाथने घरी आलो.
एवढ्या गर्दीत एपीआय एकदाही बंद पडली नाही. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

सोमवार, १८ मार्च
आईची शेवटची अर्धी गोळी काल संपली. आज औषधांची गाडी यायचा वार, म्हणून ती अंधारातच स्टूल घेऊन रांगेत निघाली. मी म्हटलं, आई, तिथे काही नाही. म्हणाली, तुझ्या यंत्रात तर आहे. म्हटलं, ती ओळ मीच टाकलीय. तिने स्टूल काखोटीला मारलं. मग म्हणाली, बाळा, किती दिवसांनी कुणीतरी ‘आहे’ म्हणालंय, मला जाऊ दे. आणि गेली. मला फार लाज वाटली. उद्या काहीही होवो, ओळ पुसणार.

मंगळवार, १९ मार्च
गाडी काल आली नाही. आज सकाळी आई पुन्हा रांगेत गेली आणि तिथेच चक्कर येऊन पडली. कुकाने आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, फार सभ्य. रक्तदाब बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, एनालाप्रिल आजच्या आज सुरू करा. मी विचारलं, डॉक्टर, मिळेल कुठे? तो म्हणाला, काळजी करू नका, आता फार सोय झालीय. खिशातून फोन काढला, नाव टाकलं आणि हसून पडदा माझ्यासमोर धरला.
कचेरीत वीज नव्हती. ओळ पुसता आली नाही. मग चिठ्ठी घेऊन मिग्दालियाच्या दुकानाकडे गेलो. रांग कालच्याहून लांब होती. विचारलं, शेवटचा कोण? एका म्हाताऱ्याने हात वर केला. त्याच्या मागे उभा राहिलो.