ओढ्यातले आठ मासे

अहो,

तुमचे मासे आले! जायच्या आधी दवाखान्यातून फोनवर सांगून ठेवले होतेत ना, केरळच्या ओढ्यात धरलेले, काळ्या पट्ट्यांचे? सकाळी मिरजगावच्या स्टँडवरून मीच पार्सल आणलं. आठ आहेत, आठही जिवंत. आता बादलीत आहेत आणि काचेच्या टाकीतलं पाणी नळीतून थेंब थेंब त्यांच्यात पडतंय. दोन तास तरी इथून हलता येणार नाही. म्हणून लिहायला बसले. आणि तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.

पाच वर्षांपूर्वी असंच पार्सल आलं, तेव्हा तुम्ही नगरला होता. फोनवर बजावलंत, "पिशवी नुसती पान्यावर तरंगत ठेव. मी आल्याबिगर सोडू नको."

पण पिशवीत ते तोंड वर करून धापा टाकत होते हो! पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही, आधी आत घ्यायचं, हे मला पाथर्डीला आईनं शिकवलेलं. मी पिशवी फोडली आणि त्यांना टाकीत सोडलं. वर म्हणाले, "या, आपलंच घर हाय!"

तुम्ही यायच्या आत सगळे गेले. आणि मी काय सांगितलं? "पिशवीतच मेल्ते."

का विश्वास ठेवलात? एकदा तरी उलटं विचारायचं! तुम्ही स्वतःलाच बोल लावलात. "इतक्या लांबून जंगली जीव आनला, माजंच चुकलं." पुन्हा मागवले नाहीत, ते थेट दवाखान्यातूनच. मोबाईलवर ते ओढे बघत बसायचात आणि मी शेजारी शेंगा निवडत राहायचे.

पुढं एकदा तुम्ही पुतणीला समजावत होता, "आपलं बोअरचं पानी जड, त्यांचं वढ्याचं मऊ. एकदम सोडलं की जीव खचतो. हळूहळू वळख करून द्यायची." तव्यावरची भाकरी करपली माझी. तेव्हाही खरं सांगितलं नाही. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं.

नळी सलाईनची आहे. तुमची नाही, मेडिकलमधून नवी आणली. चाक फिरवून थेंब बारीक करायला मी तुमच्या उशाशी शिकले. नर्स म्हणायची, "ताई, घाई नका करू." मला तर तुम्हाला लवकर घरी आणायचं होतं. नाही आणता आलं.

यांना महिनाभर छोट्या टाकीत वेगळं ठेवीन. वर तुमचा टॉवेल टाकून अंधार करीन. दाण्याला तोंड लावलं नाही, तर हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून घालीन. पुतणी संध्याकाळी बघायला येणार आहे, तिला आधी ते जुनं खरं सांगेन. काकांचं काही चुकलं नव्हतं म्हणून सांगेन.

आणि एवढं करूनही यातला एखादा गेलाच, तर लपवणार नाही. ओल्या हातानं तुमच्या फोटोपुढं येईन आणि सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगेन.

तुमची उतावळी,
सुमन