जो पिंप भरेल, त्यानेच ठोकावं

मी, या बारची मालकीण, सगळ्या बाजाराची ताई, वय अडुसष्ट, राहणार बारच्याच वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. नाही असं ज्याला वाटत असेल त्याने मी जिवंत आहे तोवर समोर येऊन बोलावं. पोटात गाठ आहे आणि डॉक्टरच्या मते ही थंडी मी काढणार नाही. मला कोणीही दमदाटी केलेली नाही. आजवर या बाजारात दमदाटी मीच करत आले. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात मी बारला काडी लावायला सांगितलं होतं, ते रद्द समजावं.

वकील समोर बसून उतरवून घेतो आहे. बोलते तसंच लिहायचं, अशी त्याला ताकीद आहे. 'हलकट' हा शब्द कायद्यात बसत नाही म्हणाला. मी म्हटलं, बसव.

कलम १. बार, वरच्या खोल्या, तळघर, काउंटर आणि त्यावरचे आठही नळ माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावेत. सात नळांवर बारमाही बिअर असते, ती कोणीही चालवील. आठवा नळ हंगामाचा. उन्हाळ्यात लिंबाच्या सालीची गव्हाची, कापणीनंतर हॉप्सच्या ओल्या फुलांची कडू आणि थंडीत धुरावलेल्या बार्लीची काळी. एका हंगामाला एकच घाणा. संपला की पाटी उतरवायची, मग कोणी पाया पडलं तरी थेंब मिळायचा नाही. हल्लीची पोरं याला क्राफ्ट बिअर म्हणतात. आमचे वडील याला काम म्हणायचे. माझे यजमान गेले त्या वर्षापासून इथे काळी बिअर घातलेली नाही, आणि थंडीभर आठवा नळ कोरडा असतो.

कलम २. वडिलांची तांब्याची कढई आणि तळघरातल्या फ्रिजमधली यीस्टची बरणी, दोन्ही लेकीकडे. बरणी वेळच्या वेळी खायला मागते. माझं औषध विसरलीस तरी चालेल, हिचं खाणं विसरू नकोस.

कलम ३. स्टेशनाजवळच्या बारचा मालक बाटल्यांतली काळी बिअर पिंपात ओततो आणि 'दुर्मीळ, फक्त थंडीत' अशी पाटी लावून विकतो. त्या हलकटाला माझ्या प्रेताजवळ फिरकू देऊ नये. आलाच तर कुलूपवाल्याने त्याला मानगूट धरून बाहेर ठेवावं. कुलूपवाला माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मागे एकदा त्याच माणसाच्या पाठीत त्याने माझ्या बारची खुर्ची मोडली होती, म्हणून हे काम त्याच्यावर सोपवते. खुर्ची मी माफ केली आहे.

कलम ४. हे कलम वाटणीचं नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून वकिलाने तोंड वाकडं केलं तरी घालते आहे.

थंडीच्या काळ्या बिअरचं पहिलं पिंप आमच्याकडे नळाला जोडत नाहीत. ते काउंटरवर आडवं ठेवायचं आणि सगळ्यांदेखत पितळी तोटी लाकडी मोगरीने त्यात ठोकायची. वडिलांची रीत अशी की पिंप भरणारा वेगळा आणि ठोकणारा वेगळा. भरणाऱ्याने ग्लास घेऊन बाजूला उभं राहायचं, पहिला घोट त्याचा. ठोकण्याचा मान घरातल्या दुसऱ्या कोणाचा. वडील गेल्यावर पिंप भरायचा माझा धाकटा भाऊ, आणि ठोकायचे आमचे हे. जावयाचा मान.

त्या वर्षी स्टेशनवाल्याने शनिवारी काळी बिअर येणार अशी पाटी लावली. धाकट्याच्या पोटात दुखलं. आपली बिअर त्याच्या आधी यायला हवी म्हणून त्याने ती आंबणं पुरतं थांबायच्या आतच टाकीतून काढली आणि पिंपात भरली. आत ती उकळतच होती. पिंपाच्या वरच्या अंगाला एक लहानसं भोक असतं, त्यात लाकडी खुंटी असते. ठोकण्याआधी ती सैल करून आतला वारा सोडायचा, हे आमच्या घरात दुधाचे दात पडायच्या आधी शिकवतात. धाकट्याने ती खुंटी आत ठोकून वरून सपाट कापून टाकली होती. का, तर लोकांसमोर फेस कमी पडू नये. यांनी विचारलं, वारा सोडलास ना? तो म्हणाला, सोडला, भावजी, तुम्ही ठोका.

यांनी ठोकलं. तोटी आली तशी परत सुटली आणि यांच्या गळ्यात, जबड्याच्या खाली घुसली. काळा फेस छतापर्यंत उडाला. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, टाळ्या पडल्या. माझ्या भावाने हातातला ग्लास उंच धरला आणि हसत ओरडला,

"याला म्हणतात बिअर!"

मग छतावरून जे गळायला लागलं ते काळं नव्हतं. हे काउंटर धरून उभे राहायला बघत होते आणि हात घसरत होते. लेक माझ्या शेजारीच होती. तिच्या कपाळावर, केसांत सगळं उडालं होतं. मी हाताने यांचा गळा दाबून धरला, पण जिथे दाबावं त्याच्या बाजूने रक्त यायचं. डॉक्टर येईपर्यंत राहिले नाहीत.

मी खाली पडलेली मोगरी उचलली आणि धाकट्याला शोधायला निघाले. तो तळघरात थंड खोलीत पिंपांच्या मागे बसला होता. केसाला धरून ओढत आणला, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि हाडं मोजायच्या लायकीची राहणार नाहीत इतकं ठोकलं. त्याने हात मागे घेतला नाही. ते मला तेव्हाही आवडलं नाही, आताही आवडत नाही. बाकी त्या कामाचं मला वाईट वाटत नाही, आणि मरताना वाटेल अशी कोणी आशा धरू नये.

लोक त्याला कंसमामा म्हणायला लागले. कंसाने निदान स्वतःचा जीव वाचवायला केलं. याने एका शनिवारसाठी केलं.

कलम ५. धाकट्याने समोरच्या फुटपाथवर स्वतःचा बार काढला. डाव्या हाताने. तेव्हापासून दर हंगामाला आमची लढाई. त्याची पाटी आधी लागली की मी दगड घालायची. मी त्याच्या टाकीत खरकटं पाणी ओतलं, त्याने माझ्याच पोऱ्याकरवी माझ्या गव्हाच्या बिअरमध्ये साबण कालवला. एका उन्हाळ्यात मी शिडी लावून त्याची पाटी उपटायला चढले. त्याने शिडी ओढली, मी त्याच्या अंगावर पडले, आणि फुटपाथवर आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांना असं बडवत होतो की कुत्रीसुद्धा लांब जाऊन उभी राहिली. त्याच्या डाव्या कोपराने माझे समोरचे दोन दात पडले. मी त्याच्या कानाचा तुकडा काढला. तुकडा कुठे गेला मला माहीत नाही, माझे दात मात्र कपाटातल्या डबीत आहेत. ते धाकट्याला द्यावेत, त्याचीच कमाई आहे. वकील म्हणतो, दातांना किंमत नाही, मृत्युपत्रात येत नाहीत. ठीक आहे, मग हातातच देईन.

कलम ६. आता मुद्द्याचं. माझी लेक माझ्या पाठीमागे तिच्या मामाकडे जाते. गेलं वर्षभर जाते. वडिलांची काळी बिअर आता त्याच्याशिवाय कोणाला येत नाही, आणि हिला ती आठव्या नळावर परत आणायची आहे. गेल्या आठवड्यात मी पिंपांचा वास घेत तळघरात उतरले तर कोपऱ्यात पोत्याखाली एक नवीन पिंप. धुरावलेल्या बार्लीचा वास मला झोपेतही कळतो. मी लेकीला वर बोलावलं.

"आई, मामानेच भरलंय, त्याच्या बारमध्ये," ती म्हणाली. "पण ठोकणार मी."

"तू त्या तोटीसमोर उभी राहणार?"

"बाबांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं ना."

मी हातातला ग्लास भिंतीवर फोडला. तिने केरसुणी आणली, काचा गोळा केल्या, आणि तेच वाक्य परत म्हणाली, शांतपणे. माझ्याच पोटची, कोणाला बोल लावू?

मी तिला अडवू शकते ते मी जिवंत असेपर्यंतच, म्हणजे फार दिवस नाही. त्यानंतर ती ते पिंप काउंटरवर घेईल, आणि माझ्या भावाने भरलेल्या पिंपासमोर माझ्या लेकीचं तोंड असेल. मला मरणाची भीती वाटत नाही. याची वाटते. इतकी वाटते की तीन रात्री मी कुऱ्हाड उशाशी घेऊन निजले आणि पिंप फोडायला उठले, पण पोटातल्या गाठीने जिन्यावरून परत फिरवलं. म्हणून कुऱ्हाडीऐवजी कागद.

कलम ७. वडिलांची रीत मी मोडते. आजपासून या बारमध्ये जो पिंप भरेल, त्यानेच ते ठोकावं. दुसऱ्याच्या जिवावर कोणी भरू नये. पहिला घोट ठोकून उभा राहील त्याचा.

तळघरातलं ते पिंप काउंटरवर, यजमान उभे होते तिथेच ठेवावं. धाकट्याने समोर यावं, गळा तोटीच्या रेषेत ठेवावा, आणि मोगरी डाव्या हाताने मारावी. उजव्याने धरता येत नाही ती माझी मेहेरबानी. खुंटी सैल करायची की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. कोणी विचारू नये, कोणी आठवण करू नये. लेकीने दाराबाहेर, रस्त्यावर उभं राहावं. ती आत शिरायला लागली तर कुलूपवाल्याने दाराला आतून कुलूप घालावं. पिंप नीट उघडलं तर पाटी लावावी, आठवा नळ सुरू करावा, आणि समोरच्या बारवर दगड मारणं बंद करावं. नाही उघडलं तर जे होईल ते होऊ द्यावं, आणि त्या वेळी कोणी टाळ्या वाजवू नयेत.

ही अट धाकट्याने मान्य केली तरच. नाही केली तर कुलूपवाल्याने पिंप कुऱ्हाडीने फोडून गटारात सोडावं, आठवा नळ उखडून काढावा, आणि लेकीने तरीही काळी बिअर घातली तर माझं भूत तिच्या मानगुटीवर बसेल. वकील म्हणतो, असली अट कोर्टात टिकायची नाही. कोर्टात कोण जातंय? लेक माझ्याशी भांडते, पण माझा शब्द मोडत नाही. धाकट्याचं मला माहीत नाही. आज सकाळी, बार उघडायच्या आधी, त्याला निरोप धाडला आहे की ये आणि ऐक. यजमान गेल्यापासून त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

लिहून ठेवणार: ताई, बारची मालकीण. (सही)

स्थळ: बारचं काउंटर.

दिनांक: कापणीच्या बिअरची पाटी उतरवली तो सोमवार. नेमकी तारीख वकिलाच्या शिक्क्यात आहे.

साक्षीदार पहिला: कुलूपवाला. माझ्यासमोर सही झाली. कुऱ्हाड आणि कुलूप दोन्ही तयार आहेत. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. कलम सात उभ्याने ऐकलं. वारा सोडणार आहे. गळा रेषेतच ठेवीन. दात मिळाले. (सही, डाव्या हाताची)