इंजिनवरची चांदी

बाबा, त्या सोमवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि मी अंगणात बसून तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनला घासलेट लावलं, तारेचा ब्रश घेतला आणि तुमची चांदी खरवडायला लागलो. ती सहज सुटली नाही. दर दसऱ्याला तुम्ही जुन्या रंगावरच नवा चांदीचा रंग फासत होता, खाली तेल असो की धूळ. इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमधल्या फटी त्यानं पार बुजून गेल्या होत्या आणि देवाला जाताना सौसर गाठेपर्यंत गाडी तापून बंद पडायची. ब्रशखाली एकेक थर निघत होता आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता, "जुनं काढाचं नाई. मारुतीले शेंदूर कसा चढते? थरावर थर."

पण बाबा, पारावरच्या मारुतीचं काय? मी गावच्या शाळेत होतो तेव्हा त्याचं शेंदराचं कवच आपोआप सुटलं होतं. आतून नाक, डोळे, हातातला पर्वत, सगळं दिसलं. ते कवच धोतरात बांधून नदीत सोडायला तुम्हीच गेला होता आणि घरी येऊन मायला म्हणाला होता, "आज देवाचं तोंड पाह्यलं." मग देवाला जे चालतं ते इंजिनला का चालू नये? तुमच्यासमोर हा प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती. आता विचारतो.

पांढुर्ण्याच्या रंगाच्या दुकानात मी आधणासारख्या तापल्या लोखंडावर टिकेल असा रंग मागितला. दुकानदारानं न विचारता चांदीचा डबा पुढे केला. "तुमच्या बाबानं दुसरा रंग कधी नेलाच नाई ना भाऊ. अन् यात टिकाऊबी येते." म्हणजे सबब उरली नाही. टिकणारी चांदी माझ्या हातात होती. मी ती परत ठेवली आणि म्हणालो, "काळा द्या."

मायनं दारातच अडवलं. "काया? शनिवारी देवाले काया इंजिनवर नेतं मले? मी नाई बसत."

"माय, हा रंग निघत नाही."

"नको निघू दे. तूच बस त्याच्यावर."

शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचा तिचा नेम. तो तुमच्या मागे बसून झाला आणि तुमच्यानंतर माझ्या मागे. हट्टाला पेटली तर ती नेम मोडेल पण बसणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी काळाच मारला. आधी सोड्यानं धुतलं, नुसतं लोखंड-अल्युमिनियम दिसेपर्यंत घासलं, मग पातळ हात दिले, एक वाळल्यावर दुसरा. हा रंग उन्हानं पक्का होत नाही, त्याला इंजिनची धग लागते आणि तीही हळूहळू. गाडी जागेवरच थोडी तापवायची, बंद करायची, गार होऊ द्यायची, मग जरा जास्त तापवायची. तुम्ही सकाळी रंग मारून दुपारी किक मारत होता. वाळू द्या म्हटलं की खेकसायचा, "आपल्याले देवाले जायचं हाय, रंगाले नाई!" वाटेत रंगाला फोड यायचे आणि चांदी मायच्या लुगड्याला लागायची.

"सकायपासून चालू करतं अन् बंद करतं," माय ओसरीवरून म्हणाली. "जाऊन त कोठीच नाई राह्यला!"

"रंग शिजवून राहिलो माय."

"रंग शिजवतेत का कोणी?"

"तुही डाळ मोठ्या जाळावर करपते की नाही? तसंच हे."

तरी ती आत गेली नाही.

शनिवारी मी इंजिनला कुंकू लावलं. काळ्यावर ते फार ठसठशीत दिसलं. मायची मनधरणी केली नाही. नुसतं "निघालो" म्हटलं आणि किक मारली. ती नारळाची पिशवी घेऊन आली, मागे बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मले देवाले जायचं हाय, तुह्या रंगाले नाई." तुमचंच वाक्य, बाबा. पण या खेपेला ते माझ्या रंगावर बसून म्हटलं गेलं. जाताना-येताना गाडी कुठंही थांबली नाही.

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. तुम्ही तिथूनही वाद घालाल. घरी उतरल्यावर मायनं सवयीनं लुगड्याचा काठ उजेडात धरला. "काईच नाई लागलं," म्हणाली, आणि तरी एकदा झटकला. एवढं मात्र सांगतो, मीही वाकून माझ्या पँटचा पाय पाहिला. पण चांदी उतरवली ती उतरवली. येत्या दसऱ्याला झेंडूचा हार काळ्या इंजिनलाच चढेल.