आजीचं म्हणून सांगितलेलं गाणं

११ मार्च १९६१
सांगून बसलो! कार्लिसने विचारलं, "ऑर्बिन, हे गाणं कुठलं रे?" आणि मी म्हणालो — आजीचं, जुनं आहे. धडधडीत खोटं. आई गेल्यावर ओसरीत बसून मीच रचलं, चार दिवस मँडोलिनवर चाचपडत. पण आमच्या केंटकीच्या डोंगरात जुनी भजनं सोडून स्वतःचं काही रचणं म्हणजे चढेलपणा. 'मी केलं' म्हणायला जीभच वळत नाही. त्यात डोंगरी ब्लूग्रास गाण्यांचा हा बँड कार्लिसचा, मी कालचा आलेला.

२ मे
रेकॉर्ड निघाली. माझ्या गाण्याखाली छापलंय — पारंपरिक.

१८ जून
मेळ्यात गायलो. आम्ही पाचही जण एका माइकभोवती. माझी पाळी आली तसा पुढे सरकलो. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. नंतर एक म्हातारा म्हणाला, "पोरा, आवाज बरा आहे तुझा. पण असली गाणी आता कोण रचणार?"
मी म्हणालो, हो ना. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१९ जून
कार्लिसला खरं सांगितलं. बँजोची तार पिळता पिळता हसला. "गाणं चाललं की त्याला बाप फुटतात. तू तिसरा. दोघांची पत्रं येऊन पडलीत." मग माझं तोंड बघून नरमला. "रचताना कुणी ऐकलंय? त्या माणसाने सांगू दे. पुढच्या छपाईला तुझं नाव घालतो."
ऐकलंय की! ओवा आत्या चारही दिवस दारात शेंगा निवडत होती. चर्चची बाई, खोटं बोलायची नाही.
आईसाठी मी दुसरं काहीच केलं नाही. हे एवढं तरी माझं असू दे.

२४ जून
कार्लिसला घेऊन आत्याकडे गेलो. आत्या म्हणाली, "तू रचलंस? अरे, माझी आई, तुझी आजी, तुला मांडीवर घेऊन हेच म्हणायची. तू ओसरीत बसून ते आठवतोयस, असंच वाटलं मला." आणि मान वर न करता म्हणून दाखवलं. शब्द थोडे इकडचे तिकडे, चाल तीच. दोन कडवी झाली, मग तिसरं.
मी दोनच लिहिली होती. तिसरं त्यांच्याहून चांगलं आहे.