बेअरिंगवरचं झेंडूचं फूल

दसरा, २०१७. डहाणू, संध्याकाळ

बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर वर्षातून आज एकच दिवस पूजेसाठी बंद असतो. बेअरिंग कुरकुरतंय, आजच बदलून टाकतो, असं मी सकाळी शेठना म्हटलं.

"अरे भाई, दसऱ्याला पान्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

नट खोलायचे पाने तर मीच पूजेला कुंकू लावून पाटावर मांडले होते. तरी बेअरिंगचं पुन्हा बोलायला हवं होतं.

पाचला मशीन चालू करून शेठ घरी गेले. उद्या पहाटे नरपडच्या बोटी बर्फाला येणार. कुरकुरीची घरघर झाली. अर्ध्या तासात बेअरिंगवर वाहिलेलं झेंडूचं फूल करपून काळं पडलं.

फूल करपलं! मी बटण बंद केलं. शेठना काय सांगू? ते नंतर बघू.

आधी पान्यावरचं कुंकू पुसलं.