ओढून बघायचं कुलूप

ॲन आर्बर

ती. आईस नमस्कार. फोन तू स्पीकरवर ठेवतेस, म्हणून पत्र लिहितेय. एकटीनेच वाच.

मी बरी आहे, जाड जॅकेटही घेतलंय. डोकं मात्र फिरलंय. परदेशातल्या जुन्या शस्त्रगोदामांना पोलादी दारं आणि कुलपं बसवायला आमची संस्था इथल्या सरकारकडे ग्रँट मागतेय. तो अर्ज तिसऱ्यांदा परत आला. का, तर एका कुलपाला दोन माणसं कशाला, एक कमी करा म्हणे. बाबांनी पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं हेच केलं ना? एकाने कुलूप लावायचं, दुसऱ्याने ओढून बघायचं, पहिला कितीही हुशार असला तरी. हे मी या लोकांना तीन ओळींच्या रकान्यात कसं समजावू?

आणि तू त्या दिवशी किती सहज सांगितलंस, की बाजारातून आलात तर दार सताड उघडं, आणि बाबा म्हणतात मी कुलूप लावलं होतं. हे कितव्यांदा झालं, आई? दादाला कळवलंस का?

डॉक्टरांकडे लवकर जा. तोवर एक कर. बाबांनी कुलूप लावलं, की त्यांना चार पावलं पुढे जाऊ दे. मग तू ओढून बघ.

तुझी,
आश्लेषा